एक्केचाळिसावी जागा

एकाच वस्तूची एकाच वेळी दोन वजनं असू शकतात का?

बाजारात असू शकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हा प्रश्न बाजारातून आला नव्हता. तो मंगळावरून आला होता, रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, कऱ्हाडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्या वेळी तिथे दोघंच जागे होते, भागीरथी आणि मास्तर. स्वप्निलआजोबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे झोपले होते.

आधी ओळखी करून घेऊ. गोष्ट सन २०६३ मधली आहे. त्या काळी आजोबांची नावं स्वप्निल, तुषार, निखिल अशी जुन्या वळणाची असत आणि नातवंडांची भागीरथी, द्वारका, धोंडीराम अशी एकदम नव्या फॅशनची. भागीरथी अकरा वर्षांची होती. तिला सगळे भागी म्हणत. तिच्या आईचे वडील, स्वप्निल कदम, समोरच्याच इमारतीत राहत. दर रविवारी त्यांना थालीपिठांचा डबा नेऊन देणं हे भागीचं काम होतं. रस्ता ओलांडेपर्यंत डब्यातलं एक थालीपीठ कमी व्हायचं. त्याबद्दल दोन्ही घरांनी कधी चौकशी केली नव्हती.

मास्तर हा यंत्रमानव. उमेदीची वर्षं त्याने एसटीत कंडक्टर म्हणून काढली. पुढे गाड्या स्वतःच तिकिटं द्यायला लागल्या, तेव्हा आजोबांनी त्याला घरी आणलं आणि नवं काम दिलं. काम बदललं, सवयी बदलल्या नाहीत. चामड्याची पिशवी खांद्यालाच होती, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातातच होता, आणि छताला घंटेची दोरी त्याने हट्टाने बांधून घेतली होती. एक घंटा म्हणजे थांबा. दोन घंटा म्हणजे चला. जगात याहून जास्त काही सांगण्यासारखं असतं, असं त्याला वाटत नसे.

"ताई, मंगळावरनं निरोप आलाय," मास्तर म्हणाला. "तातडीचा आहे. साहेबांना उठवू का?"

"ते पेपर वाचतायत."

"पेपर उलटा आहे."

भागीने आजोबांच्या हातातला पेपर अलगद काढून घेतला. आजोबांनी डोळे उघडले. "मी वाचत होतो," ते म्हणाले.

मास्तरने निरोप पडद्यावर लावला.

"रेणुकोठी सांभाळणाऱ्या मंडळींना मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीतून रुकय्या मुजावरचा नमस्कार. मी इथली रसायनतज्ज्ञ. आमचं औषधं बनवणारं यंत्र प्रत्येक औषधाच्या रेणूचं वजन दोन वेगवेगळ्या रीतींनी काढतं. दोन्ही उत्तरं जुळली तरच काम सुरू करतं, नाहीतर स्वतःला कुलूप लावून घेतं. काल आम्ही रेणुकोठीची नवी आवृत्ती बसवली आणि तेव्हापासून काही औषधांची दोन वजनं येत आहेत. जुनी आवृत्ती आता चालणार नाही, कारण इथलं पाणी आता इथलंच आहे. माझा मुलगा निहाल नऊ वर्षांचा आहे. फिट येऊ नये म्हणून त्याला रोज एक गोळी लागते. चार गोळ्या उरल्या आहेत. नवा घाणा तयार व्हायला चार दिवस लागतात. पृथ्वीवरून औषध यायला सात महिने. तुमच्या घड्याळाप्रमाणे आज दुपारी एकच्या आत यंत्र सुरू झालं पाहिजे. कुलूप मला हाताने काढता येईल. पण ते मीच बसवलं आहे, आणि ते काढून बनवलेली गोळी स्वतःच्या मुलाला देण्याची हिंमत माझ्यात नाही."

खाली आणखी एक ओळ होती. "मी निहाल. गोळी फार कडू असते. तुम्ही सावकाश करा."

भागीने ती ओळ दोनदा वाचली आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन तास.

रेणुकोठी म्हणजे काय ते भागीला लहानपणापासून ठाऊक होतं. तुम्हाला सांगायला हवं. साखर, पाणी, औषध, काहीही घ्या, ते रेणूंचं बनलेलं असतं, आणि रेणू (अणू एकमेकांना धरून तयार झालेला गट) किती वजनाचा हे मोजायला संगणक लागतो. संगणकाला काम सांगायचं तर ते पायरीपायरीने लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला आज्ञावली म्हणतात. आता जगातल्या हजारो लोकांना रेणूंची वजनं काढायची असतात. प्रत्येकाने तीच आज्ञावली नव्याने लिहायची, म्हणजे लग्नाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने आपापली चूल डोक्यावर घेऊन यायचं. त्यापेक्षा आयत्या आज्ञावली एका जागी भरून ठेवल्या, की लागेल त्याने लागेल ती उचलावी. रेणुकोठी ही तशी जागा. शिवाय ती मुक्तस्रोत होती (म्हणजे तिच्यातली प्रत्येक ओळ कुणीही वाचावी, फुकट वापरावी, आणि चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी). तिला सांभाळणारे लोक जगभर पसरलेले होते आणि सगळे हौसेखातर हे काम करत होते. स्वप्निलआजोबा त्यांतले सर्वांत अनुभवी, म्हणजे सर्वांत जास्त चुका करून झालेले.

"चूक आपल्याकडे असणं शक्य नाही," आजोबा म्हणाले. "नवी आवृत्ती मी स्वतः तयार केली आहे. पेढे वाटलेत मी."

"कशाचे पेढे?"

"हायड्रोजनचे. हायड्रोजनच्या अणूचं वजन किती?"

"एक."

"शाळेत एक. शाळेबाहेर १.००८. कारण सगळे हायड्रोजन सारखे नसतात. बहुतेक किडकिडीत. पण साडेसहा हजारांत एखादा पैलवान निघतो, दुप्पट वजनाचा. त्याला ड्युटेरियम म्हणतात (जड हायड्रोजन, स्वभाव जवळपास तोच, वजन मात्र दुप्पट). तुमच्या शाळेत एक पैलवान भरती झाला की सगळ्या शाळेचं सरासरी वजन किंचित वाढेल. तसं ते १.००८."

"आणि मंगळावर?"

"मंगळावर पैलवान पाचसहा पट जास्त. मंगळाची ओढ कमी पडते ना. किडकिडीत हायड्रोजन कोट्यवधी वर्षं वर वर जात अवकाशात पळून गेले. जाडे मागे राहिले. त्यामुळे तिथल्या पाण्यातल्या हायड्रोजनचं सरासरी वजन १.००९. फरक एका सहस्रांशाचा (हजारातला एक भाग), पण औषधाच्या यंत्राला तेवढाही चालत नाही."

इतकी वर्षं तांबडमाळवर पृथ्वीवरून नेलेलं पाणी वापरत होते. यंदा त्यांनी मंगळावरचं बर्फ खणलं, आणि रेणुकोठीला कळवलं की हायड्रोजनचं वजन ग्रहाप्रमाणे बदलता आलं पाहिजे. आजोबांनी कोठी उघडून पाहिली, तर १.००८ हा आकडा चाळीस ठिकाणी लिहिलेला. कुणी ब्राझीलमध्ये बसून, कुणी केनियात बसून, ज्याला जिथे लागला तिथे त्याने लिहून टाकला होता.

"मग मी एकच तक्ता केला," आजोबा म्हणाले. "पृथ्वी, १.००८. मंगळ, १.००९. आणि चाळीसही ठिकाणचा आकडा पुसून तिथे लिहिलं, 'तक्त्यात बघा.' याला पुनर्रचना म्हणतात (बाहेरून दिसणारं काम तेच ठेवून आतली मांडणी सुधारणं). पाहुण्याला तोच चहा मिळतो. फक्त साखरेचा डबा आता स्वयंपाकघरात सापडतो, पलंगाखाली नाही. महिनाभर खपलो. वर पेढे."

"मास्तर, १.००८ कुठे उरलंय का ते बघ," भागी म्हणाली.

मास्तरने कोठीतल्या चार लाख ओळी वरपासून खालपर्यंत चाळल्या. त्याला तीन सेकंद लागले. "एकदाच आहे. तक्त्यात. बाकी गाडीत विनातिकीट कोणी नाही."

"सांगितलं ना मी," आजोबा म्हणाले आणि त्यांनी थालीपिठाचा डबा उघडला. आत तीन होती. त्यांनी भागीकडे पाहिलं. भागी पडद्याकडे पाहत होती.

रुकय्याने निरोपासोबत सहा औषधांची यादी जोडली होती आणि प्रत्येकासमोर दोन वजनांतला फरक लिहिला होता. पहिल्या दोन औषधांत फरक शून्य. तिसऱ्यात ०.००२. चौथ्यात, म्हणजे निहालच्या गोळीत, ०.००४. पाचव्यात पुन्हा ०.००४. सहाव्यात ०.००६.

भागीने ते आकडे वहीत उतरवून घेतले. मग ती पेन चावत बसली. मग पेन तोंडातून काढून म्हणाली, "आजोबा, ०.००१ का नाही? ०.००३ का नाही?"

"म्हणजे?"

"एका हायड्रोजनमागे ०.००१ चा फरक. मग ०.००२ म्हणजे दोन हायड्रोजन जुन्याच वजनाने मोजले गेलेत. ०.००४ म्हणजे चार. ०.००६ म्हणजे सहा. एक किंवा तीन कधीच नाहीत. जे विसरलेत ते जोडीनेच विसरलेत."

आजोबांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो परत डब्यात ठेवला. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

"मास्तर," ते म्हणाले, "२.०१६ शोध. दोन हायड्रोजनची बेरीज कोणीतरी आधीच करून ठेवली असेल."

"नाही साहेब. एकही नाही."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आता रुकय्यालाच विचारणं भाग होतं. पण त्या दिवशी मंगळ अशा अंतरावर होता की प्रकाशालाही तिथे पोचायला चौदा मिनिटं लागत. निरोप प्रकाशाच्याच वेगाने जातो. म्हणजे प्रश्न जायला चौदा मिनिटं, उत्तर यायला चौदा.

"एकच प्रश्न विचारता येईल," आजोबा म्हणाले. "पुढे दुरुस्तीला वेळ राहायला हवा. यंत्र बंद करून परत चालू केलं का, असं विचारू."

"आजोबा."

"जुना उपाय आहे. माझ्या तरुणपणी सगळीकडे चालायचा."

भागीने वहीतल्या यादीकडे पुन्हा पाहिलं. दोन औषधं सुरळीत बनत होती, चार अडत होती. तिने टाइप केलं, "रुकय्याकाकू, मी भागीरथी, स्वप्निलआजोबांची नात. जी औषधं अडली आहेत ती बनवताना अशी कोणती गोष्ट घडते, जी न अडलेली बनवताना घडत नाही? आणि ती किती वेळा घडते?"

आजोबांनी प्रश्न वाचला. त्यात सुधारणा करायला त्यांना काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी एक स्वल्पविराम काढून टाकला आणि प्रश्न पाठवून दिला.

त्यानंतरचा अर्धा तास भागी घरभर फिरत होती. आजोबा खिडकीत उभे राहिले होते. मास्तर दर पाच मिनिटांनी, कुणी विचारलेलं नसताना, "पोचायला वेळ आहे" असं सांगत होता.

दहा त्रेपन्नला उत्तर आलं.

"भागीरथी, चांगला प्रश्न विचारलास. अडलेल्या औषधांत रेणूंचे तुकडे एकमेकांना जोडावे लागतात. दर जोडाला थोडं पाणी बाहेर पडतं, ते गोळा करायला मी बाटली लावते. तिसऱ्या औषधात एक जोड, चौथ्यात आणि पाचव्यात दोन, सहाव्यात तीन. पहिली दोन न जोडता बनतात." आणि खाली, "ते पाणी आम्ही टोमॅटोला घालतो. निहाल."

"एक जोड, ०.००२. दोन जोड, ०.००४. तीन जोड, ०.००६," भागी म्हणाली. तिचा आवाज आपोआप वर गेला होता. "आजोबा, जोडाला पाणी का बाहेर पडतं?"

आजोबांनी एका हातात कप घेतला आणि डबा तिच्या हातात दिला. "आता माझ्याशी हात मिळव. त्या डब्याच्याच हाताने."

"डबा खाली ठेवावा लागेल."

"आणि मला कप. रेणूंचं तसंच असतं. एका तुकड्याच्या हातात हायड्रोजन असतो. दुसऱ्याच्या हातात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडगोळी. एकमेकांचा हात धरायचा तर दोघांनाही हातातलं सोडावं लागतं. जे सोडलं ते एकत्र येतं. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन."

"पाणी."

"पाणी."

"म्हणजे यंत्राची पहिली रीत अशी, की पूर्ण रेणूतले सगळे अणू मोजायचे आणि बेरीज करायची. आणि दुसरी रीत..."

"तुकड्यांची बेरीज करायची आणि दर जोडामागे एक पाणी वजा..." आजोबा बोलता बोलता थांबले.

भागी वहीवर झुकली होती. दोन हायड्रोजन, २.०१६. एक ऑक्सिजन, १५.९९९. "अठरा पूर्णांक शून्य एक पाच," ती म्हणाली. "मास्तर, १८.०१५ शोध."

या वेळी मास्तरने तीन सेकंदही घेतले नाहीत. त्याने दोरी ओढली. घंटा एकदाच वाजली.

"एक सापडला. तुकडे जोडायच्या आज्ञावलीत. पाण्याचं वजन १८.०१५ असं सरळ लिहिलंय. दोन हायड्रोजन पाण्यात लपून बसलेत, म्हणून तपासणीत दिसले नाहीत. शेजारी शेरा आहे. 'तात्पुरतं लिहिलं आहे. पुढच्या आठवड्यात नीट करू.'"

"कोण गाढव आहे हा?" आजोबा म्हणाले. "असलं तात्पुरतं लिहून पसार होणारी माणसं मला माहीत आहेत. कोठीत प्रत्येक ओळीसोबत लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख जपलेली असते. वाच, मास्तर."

"नक्की वाचू का साहेब?"

"वाच."

"स्वप्निल कदम. सन २०२६."

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "अक्षर ओळखीचं वाटलंच होतं," ते म्हणाले. संगणकावर सगळ्यांचं अक्षर सारखंच असतं.

"सदतीस वर्षं झाली," आजोबा मग हळू म्हणाले. "मला खरंच वाटलं होतं, पुढच्या आठवड्यात करू. पृथ्वीवर ते बरोबरच चालत होतं ना. आणि आपल्याकडे अकरा हजार चाचण्या आहेत (चाचणी म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न, संगणक चुकतो का ते पाहायला मुद्दाम विचारलेला). सगळ्या पृथ्वीवरच्या. मंगळाला आम्ही पास केलं आणि मंगळाचा पेपरच काढला नाही." त्यांनी खुर्ची ओढली. "चल, दुरुस्त करतो."

"थांबा साहेब," मास्तर म्हणाला. "नियम आहे. स्वतःची दुरुस्ती स्वतः मंजूर करता येत नाही. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. बाकीची मंडळी कळवूनही उत्तर देत नाहीत. ब्राझीलमध्ये या घडीला लोक झोपलेत. केनियावाले लग्नाला गेलेत."

आजोबांनी भागीकडे पाहिलं. भागीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मी सहावीत आहे," ती म्हणाली.

"कोठीत वय विचारायची रीत नाही. काम बघायची रीत आहे. तू लिही, मी तपासतो. आणि एक सांगून ठेवतो, तपासताना मी तुझा कोणी लागत नाही."

सहावीला आज्ञावली लिहायला शिकवतात, जुन्या काळी निबंध लिहायला शिकवत तसंच. भागीच्या शाळेतल्या आज्ञावलींत कायम चुका निघायच्या, पण त्यामुळे कोणाची गोळी अडली नव्हती. तिने हात पँटला पुसले आणि खुर्चीत बसली. अकरा वाजून पाच मिनिटं.

तिने आधी मंगळाची पहिली चाचणी लिहिली. निहालचं औषध, मंगळाचं पाणी, दोन्ही रीतींनी वजन, उत्तर एकच आलं पाहिजे. चालवली. नापास. नापासच व्हायला हवी होती, कारण चूक अजून जागेवरच होती. चाचणीला चूक दिसते आहे, एवढं तरी पक्कं झालं.

मग तिने हिशोब केला. मंगळावर दोन हायड्रोजन, २.०१८. ऑक्सिजन तोच, १५.९९९. पाण्याचं वजन १८.०१७. तिने १८.०१५ खोडलं आणि तिथे १८.०१७ लिहिलं. मंगळाची चाचणी पास झाली.

"झालं," भागी म्हणाली. "पाठवू?"

"मास्तर," आजोबा म्हणाले, "सगळ्या गाडीची तिकिटं तपास."

मास्तरने चिमटा उचलला. पिशवीतून अकरा हजार चाचण्यांची तिकिटं एकामागून एक निघाली. "पुढे सरका, पुढे जागा आहे," असं पुटपुटत तो भोकं पाडत गेला, आणि मध्येच थबकला. मग थबकतच गेला. दोरी ओढली. एक घंटा.

"मंगळ पास," तो म्हणाला. "पृथ्वीवरची सहाशे बारा औषधं नापास."

भागीने वहीतला हिशोब परत पाहिला. मंगळाचं पाणी तिने पृथ्वीवर आणून ओतलं होतं. इथला एकही दवाखाना आता जोड असलेलं औषध बनवू शकला नसता.

"मंगळावर पाठवायचं आहे ना, मग चालेल की," ती म्हणाली. "पृथ्वीचं नंतर नीट करू. आजोबा, वेळ नाहीये."

आजोबांनी नुसतं पडद्यावरच्या त्या जुन्या शेऱ्याकडे बोट दाखवलं. भागीने तो वाचला. आता ती त्यात आपलं नाव घालणार होती, आणि पुढचा आठवडा सन २१०० मध्ये उगवला असता.

तिने १८.०१७ खोडलं. मग आकडा लिहायला हात उचलला आणि तसाच हवेत ठेवला.

"इथे आकडाच नको," ती सावकाश म्हणाली. "कुठलाही आकडा लिहिला तरी तो कुठल्यातरी ग्रहावर चुकणारच. इथे पाण्याचं वजन लिहायचं नाही. पाणी कशाचं बनतं ते लिहायचं. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, आणि त्यांची वजनं तक्त्यात बघा."

आजोबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं तोंड दिसत नव्हतं. "मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी तपासणारा आहे."

भागीने लिहिलं. एकच ओळ होती ती. पण ती लिहिताना तिला वाटलं, आपण एखाद्या घराचा खांब हलवतोय आणि वर माणसं जेवतायत. जुना शेरा तिने पुसला. नवा लिहिला, "पाण्याचं वजन इथे लिहू नये. ते मोजावं." मग खुर्ची मागे सरकवली.

"मास्तर, चला."

चिमटा चालू लागला. हजार. चार हजार. सात हजार. नऊ हजारांवर मास्तर एकदा थांबला. मास्तरने चिमट्यात अडकलेला कागदाचा तुकडा झटकला आणि पुढे निघाला. अकरा हजार. अकरा हजार एक, ही मंगळाची.

टण. टण.

भागी उडीच मारणार होती, पण आजोबांनी हात वर केला. ते तिच्या शेजारी बसले आणि तिने बदललेली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायला लागले. एक ओळ लिहिलेली, एक चाचणी, एक शेरा. तरी त्यांनी आठ मिनिटं घेतली.

"चाचणीत निहालच्या औषधाचं नाव चुकीचं लिहिलंय," ते म्हणाले. "शेवटचं अक्षर गाळलंय."

"त्याने काय होतं? पास झाली ना."

"आणखी वीस वर्षांनी कोणीतरी ही चाचणी वाचेल आणि ते औषध शोधत बसेल. माझ्या ओळखीचा एक माणूस मागच्या वेळी पुढच्यांना असाच त्रास देऊन गेलाय."

भागीने अक्षर घातलं. मास्तरने सगळी गाडी पुन्हा तपासली. दोन घंटा. आजोबांनी मंजुरीचं बटण दाबलं आणि बारा वाजून चार मिनिटांनी दुरुस्ती मंगळाकडे निघाली.

बारा अठराला ती पोचली असणार. रुकय्याने ती बसवली असणार, यंत्र चालू केलं असणार. बारा चाळीस झाले. बारा पंचेचाळीस. आजोबांनी दोन थालीपिठं संपवली होती आणि तिसऱ्याचे बारीक तुकडे करून ते ताटलीत एका रांगेत लावत होते. भागीने एकदा मास्तरला विचारलं, की तू नेहमीचं ते का सांगत नाहीस. मास्तर म्हणाला, "पोचायची वेळ मला माहीत नाही, ताई."

बारा बावन्नला पडदा उजळला.

"दोन्ही वजनं जुळली. यंत्राने कुलूप उघडलं. निहालचा घाणा चढवला आहे. तुमच्या बारा अडतीसला. मी अजून उभीच आहे, बसायला सुचत नाही."

भागीने ते मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य तिला नीट वाचता आलं नाही, ते आजोबांनी वाचलं. मास्तरने कारण नसताना दोन घंटा दिल्या. खालच्या मजल्यावरून कोणीतरी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

निरोप अजून संपला नव्हता. खाली निहालने लिहिलं होतं, की सावकाश करा असं सांगूनही भागीरथी एवढी घाई करेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि त्याखाली पुन्हा रुकय्याचं.

"एक विचारायचं राहिलं. अकरा वर्षांनी मंगळाजवळून एक धूमकेतू जाणार आहे. त्याचं बर्फ उतरवून घ्यायचा आमचा बेत आहे. धूमकेतूंच्या पाण्यातला हायड्रोजन किती जड असेल ते कोणालाच आधी सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. गेल्या खेपेला तुम्ही चाळीस ठिकाणी बदल केलेत, महिना लागला. या वेळी किती ठिकाणी करावा लागेल? आतापासून माणसं गोळा करून ठेवता का?"

आजोबांनी उत्तर लिहायला हात पुढे केला. मग हात मागे घेतला आणि खुर्ची भागीकडे फिरवली.

भागीने लिहिलं, "एका. माणसं नकोत. तेव्हा मी बावीस वर्षांची असेन. आकडा कळवा, मी लिहीन."

उत्तर निघालं. त्याला पोचायला चौदा मिनिटं लागणार होती आणि धूमकेतूला अकरा वर्षं. भागीने तोपर्यंत तक्ता उघडून ठेवला. पृथ्वी. मंगळ. त्याखाली भरपूर जागा होती.